आवृत्ती ०.१३

सेटिंगमध्ये एक चौकोन होता, रिकामा.
चाचणीतले प्रोग्रॅम स्वीकारायचे का?
खाली बारीक अक्षरांत इशारा:
मध्येच बंद पडेल, गुण मिळणार नाहीत,
केलेलं काम वाया जाऊ शकतं.
मी चष्मा पुसला आणि खूण केली.

सावईवेऱ्यात आमचं घर कुळागराच्या कडेला.
रात्री पाटाचं पाणी पोफळींखालून जातं
आणि खोलीत डब्याचा पंखा घरघरतो.
सुलक्षा कुशीवर वळून विचारते,
"कोणाचं काम करतं हे रातभर?"
मलेरियाचं एक प्रथिन आहे, मी सांगतो,
त्याच्या घड्या कशा पडतात ते मोजतंय.
"कपाटातल्या साड्या दे त्याला," ती म्हणते, आणि झोपते.

एकसष्ट टक्क्यांवर गेलं.
लाल अक्षरं: गणनेत त्रुटी.
नवा तुकडा मागवला. सात तास.
एकसष्ट टक्के. लाल.

आधी संशय विजेवर.
लाइनमन गोकुळदासने खांबावरून न उतरताच सांगितलं,
दोष आमचा नव्हे.
मग डबा उघडला.
आत पालीची दोन अंडी, एक फुटलेलं,
आणि धूळ इतकी की मिरची लावावी.
फोंड्याहून कायतानला बोलावलं.
त्याने मेमरीची पट्टी काढून खोडरबराने घासली,
फुंकर घातली, परत बसवली,
तीनशे रुपये खिशात टाकत म्हणाला,
"मशीन बरें आसा. पिराय जाली, तितलेंच."
कोणाची, ते मी विचारलं नाही.

एकसष्ट टक्के.

बत्तीस वर्षं मी जत्रेच्या नाटकांना प्रॉम्प्टिंग केलं.
विंगेत स्टुलावर, मांडीवर वही, बॅटरी दातांत.
राजा नेहमी पुरसो.
दर तालमीत, दुसऱ्या अंकात,
तलवार उपसली की त्याची वाचा जायची.
आम्ही हसायचो, तोही हसायचा,
प्रयोगाच्या दिवशी कसंबसं निभावून न्यायचा.
एका वर्षी त्याला ताप भरला
आणि तालमीला मास्तर उभे राहिले, ज्यांना सगळं पाठ.
तलवार उपसली. गप्प.
तेव्हा कुठे मी मूळ पुस्तक शोधून वहीशी ताडलं.
नक्कल उतरवताना कोणीतरी एक ओळ गाळली होती.
सेनापती उत्तर देत होता,
प्रश्न कोणी विचारलाच नव्हता.
वहीवर अक्षर माझंच.

प्रत्येक तुकडा दोघांना जातो, हे मला ठाऊक होतं,
दुसऱ्याचा निकाल उघडून पाहायचं मात्र सुचलं नव्हतं.
पहाटे तीनला उघडला.
नाव लपवलेलं. देश फिनलंड.
यंत्र माझ्यापेक्षा तिप्पट वेगाचं, नवंकोरं,
दोन तासांत एकसष्टवर पोचलेलं.
आणि तिथेच, त्याच पायरीवर, लाल.
मी एकटाच मोठ्याने हसलो.
त्या माणसानेही आपला डबा उघडला असेल.
पाल नसेल तिकडे, थंडीत कुठली पाल.

दोघांच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवून पाठवल्या,
खाली माझ्या मोडक्या इंग्रजीत एक ओळ:
जागा एकच, यंत्रं दोन, तुमची वही तपासा.

गुरुवारी ०.१४ आपोआप उतरली.
सोबत दीड ओळ: एका फेऱ्याची शेवटची पायरी सुटत होती,
कळवणाऱ्यांचे आभार.
कोणाचं नाव नाही. विंगेतल्या माणसाला
टाळ्या वाजतात त्या पडद्याच्या मागच्या बाजूने ऐकू येतात,
जरा जाड, जरा उशिरा.

त्या रात्री मी खुर्ची ओढून बसलो.
साठ. एकसष्ट.
एकसष्ट पूर्णांक चार.
बासष्ट.
आणि गावभर अंधार.

"पडलं?" सुलक्षाने काळोखातून विचारलं.
म्हणजे जागीच होती.
नाही, म्हटलं, नुसती वीज गेली.
आली की साठपासून पुन्हा धरेल.
"गोकुळदासला फोन करू?"
मी कान देऊन बसलो होतो.
पंखा थांबल्यावर पाटाचं पाणी किती जवळ होतं.